आधी कवेलू, मग भिंत

वैशाखात ताब्यात आलेल्या घराला पावसाळ्यापर्यंत जेमतेम पाच-सहा आठवडे मिळतात. मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावात बिऱ्हाड हलवण्याचा काळही तोच. शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात, नोकरदारांच्या बदल्या निघालेल्या असतात आणि उन्हाळी धान नसेल तर बांध्याही रिकाम्या असतात. भाऊवाटणीत आलेलं किंवा परवडलं म्हणून घेतलेलं घर मातीच्या भिंतींचं आणि कवेलूच्या छपराचं असतं. पुढे सपरी, मागे सांदवाडी आणि दोन-तीन वर्षं दाराला कुलूप. दार उघडलं की सगळ्यांचं लक्ष जातं ते पोपडे धरलेल्या भिंतीकडे आणि उखडलेल्या जमिनीकडे, आणि पहिल्याच आठवड्यात रंगाचा डबा घरात येतो.

तो डबा वर्षभर आणू नये. मातीचं घर बांधतानाच असं बांधलेलं असतं की राहणाऱ्यांनी दरवर्षी हातानं त्याची डागडुजी करावी. उन्हाळ्यात छप्पर, पावसाळ्यानंतर भिंती आणि सणावाराला सारवण. घर बंद होतं म्हणजे तेवढ्या वर्षांची ही कामं राहून गेली. नव्यानं राहायला आलेल्या कुटुंबाला ती राहिलेली कामंच भरून काढायची असतात, आणि तीही पाणी ज्या क्रमानं घरात शिरतं त्या क्रमानं. छप्पर, मग भिंतीचा पाया, मग लाकूड, मग भिंतीचं अंग आणि सगळ्यात शेवटी रंग.

एक हिशेब करून पाहू. भंडारा जिल्ह्यात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे ८० चौरस मीटरच्या छपरावर एका वर्षात सुमारे एक लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं थोडंसं पाणी फुटक्या कवेलूतून आत येतं; बाकीचं वळचणीवरून भिंतीच्या अगदी पायाशी पडतं. घराच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ या दोन जागी सापडतं.

कवेलू फेरणं

देशी कवेलू म्हणजे एका टोकाला निमुळती होत गेलेली अर्धी नळी. खालच्या थरात ती उताणी बसते आणि पाणी वाहून नेते. वरच्या थरात पालथी बसते आणि दोन उताण्या रांगांमधली फट झाकते. त्यांना ना खिळा असतो ना चुना. फक्त स्वतःच्या वजनानं आणि उतारानं ती जागेवर राहतात. म्हणून वाऱ्यानं, मांजरानं, माकडानं ती सरकतात. उताण्या रांगेत धूळ आणि पानं साचतात, त्यावर शेवाळ येतं, पाणी तुंबतं आणि कडेवरून आत पडतं. गळणारं प्रत्येक कवेलू फुटलेलंच असतं असं नाही. बऱ्याचदा ते धड असतं, फक्त त्याची रांग तुंबलेली असते.

म्हणूनच एक-दोन ठिकाणची गळती बुजवून भागत नाही, पूर्ण पाखं फेरावं लागतं. आढ्याकडून खाली येत कवेलू उतरवायची, झटकायची, निवडायची आणि मग वळचणीकडून वर जात पुन्हा रचायची. निवडताना बोटाच्या पेरानं वाजवून पाहावं. धड कवेलू खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. चढणाऱ्यानं पाय कवेलूवर ठेवायचा नसतो. खाली ज्या ठिकाणी फाटा आहे त्यावर आडवी बांधलेली शिडी टाकून तिच्यावर बसायचं. हे काम घरच्यांनीच करण्याजोगं आहे, कारण त्यात कसबापेक्षा हात जास्त लागतात: एक जण वर, एक शिडीवर, दोघं-तिघं खाली. तरी पहिल्या वर्षी गावातल्या जाणत्या माणसाला रोजीनं बोलवावं आणि त्याच्या हाताखाली शिकावं. कवेलू किती अंगठे एकावर एक चढवायचं हे वाचून समजत नाही, त्याच्या शेजारी बसूनच समजतं.

कवेलू उतरल्यावर खालचं बांबूकाम उघडं पडतं, आणि वर्षातून एकदाच दिसणाऱ्या त्या भागाची तपासणी त्याच दिवशी उरकावी. कमच्यांवर पिठासारखी भुकटी दिसली तर बांबूला कीड लागलेली आहे. ही कीड बांबूतल्या पिष्टासाठी येते, म्हणून नवा बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवून मग वाळवून वापरायची जुनी रीत शास्त्राला धरून आहे. पिष्ट पाण्यात निघून जातं. आपल्या जिल्ह्यात बांबू हाताशी आहे, आणि २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू 'वृक्षा'च्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेताच्या धुऱ्यावरचा बांबू तोडून वापरणंही सोपं झालं आहे.

विंचू आणि साप कवेलूत आणि त्याच्या ढिगाऱ्यात राहतात. हातमोजे आणि बंद बूट घातल्याशिवाय कवेलूला हात लावू नये, आणि लहान मुलांना ढिगाजवळ पाठवू नये. काम चालू असेपर्यंत जमिनीवर झोपणं टाळावं. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश झोपेत कळतही नाही. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हा त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

आता माकडांविषयी. झाडीपट्टीतल्या गावांमध्ये कवेलूचं छप्पर सोडून टिनाकडे वळण्याचं सर्वांत मोठं कारण माकडंच आहेत. एक टोळी एका सकाळी पाखंभर कवेलू फोडून जाते आणि ऐन आषाढात घर उघडं पडतं. ही अडचण खरी आहे, आणि टिन घालणाऱ्याला दोष देता येत नाही. पण टिनाखाली मे महिन्याची दुपार काढणं कठीण असतं. पत्रा पातळ असल्यामुळे वरची उष्णता काही मिनिटांत खाली येते, तर कवेलूच्या दोन थरांतल्या हवेमुळे ती अडते आणि फटींमधून गरम हवा वर निघूनही जाते. माझं मत असं की सगळं घर एकाच प्रकारानं झाकण्याचा हट्ट धरू नये. गोठा, सपरी, न्हाणी यांवर टिन चालतं. झोपायच्या खोल्यांवर कवेलू राखावीत. छपरावर आलेल्या फांद्या छाटल्या तर माकडांची उडी चुकते. टिन घालावंच लागलं तर खाली हातभर जागा सोडून बांबूच्या ताट्यांचं छत घ्यावं.

इंग्रजी कवेलू हा तिसरा मार्ग. बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये मंगळूरला त्यांचा कारखाना काढला आणि तिथून ही चपटी, खाचेत खाच अडकणारी कवेलू देशभर गेली. ती कमी सरकतात आणि चौरस मीटरला पंधरा-सोळाच लागतात. मात्र त्यांना एकसारख्या अंतरावर ठोकलेल्या सरळ लाकडी पट्ट्या हव्यात. जुन्या वाकड्या बांबूवर ती बसवली की खाचा जुळत नाहीत आणि देशी कवेलूपेक्षाही जास्त गळती होते. ती घालायची तर पट्ट्यांसकट नवं छप्पर करायची तयारी हवी.

जुन्या घरात सिमेंटचे करडे नालीदार पत्रे सापडले तर ते घरच्या घरी कापू, घासू किंवा फोडू नयेत. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन राहतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच्या सर्व प्रकारांना कर्करोगकारक म्हटलं आहे. काढायचेच असतील तर पाणी मारून ओले करावेत आणि अखंड उतरवावेत.

वळचणीखालची एक हात जागा

लाखभर लिटर पाणी जिथे पडतं ती जागा म्हणजे भिंतीचा पाया. वरून पडणारा थेंब जमिनीवर आपटतो आणि चिखल घेऊन भिंतीवर उडतो. वर्षानुवर्षं उडत राहिला की भिंत खालून आत खात जाते. दुसरीकडून जमिनीतलं पाणी मातीच्या बारीक रंध्रांतून वर चढतं आणि सुकताना क्षार मागे ठेवतं. भिंतीला लोणा लागतो तो असा.

त्यामुळे छपरानंतरचं काम भिंतीबाहेर आहे. वळचण भिंतीपासून निदान दोन फूट बाहेर असावी. पाणी पडतं तिथे विटांची किंवा दगडांची उथळ नाली काढून ती सांदवाडीच्या उताराकडे न्यावी. भिंतीला लागून मातीचा उतरता ओटा करावा. हा ओटा पावसात झिजण्यासाठीच असतो. तो झिजला की भिंत वाचते आणि दरवर्षी ओटा पुन्हा लिंपता येतो. पाया जिथे खाल्ला गेला आहे तिथली भुसभुशीत माती खरवडून, ओली करून, दगड आणि फुटक्या कवेलूंचे तुकडे दाबत चिखलानं भरावा. एका वेळी हातभर लांबीच मोकळी करावी आणि वरच्या मयालीला टेकू दिल्याशिवाय हे काम हातीच घेऊ नये.

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराचं पाणी भंडारा शहरात आणि नदीकाठच्या गावांत शिरलं. अशा पुरानंतर मातीची घरं पाणी असतानाच कोसळतात असं नाही. पाणी ओसरल्यावर भिंत वरून सुकते, खालून मऊच राहते आणि मग बसते. भिजलेल्या घरात सामान आवरायला लगेच शिरणं म्हणून धोक्याचं.

लाकूड

मयाली, खांब, फाटे यांची तपासणी ठोकून आणि टोचून करावी. जिथे आवाज पोकळ येतो किंवा स्क्रू-ड्रायव्हर सहज आत जातो, तिथलं लाकूड गेलं. उधई अंधारातून आणि ओलीतून चालते, म्हणून भिंतीवरून चढणाऱ्या मातीच्या नळ्या दिसल्या की मोडाव्यात आणि त्या कुठून येतात ते शोधावं. खांब थेट जमिनीत गाडलेला असेल तर त्याचं बूड बहुधा कुजलेलं असतं. खांब बदलायची गरज नाही. कुजलेला भाग कापून खाली दगडी तळखडा द्यावा. हे सुताराचं काम आहे आणि ते त्यालाच द्यावं. जुनं सागवान मात्र मोडीत काढू नये. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणामुळे वैनगंगेकाठची गावं उठली, तेव्हा अनेक कुटुंबांनी जुन्या घरांची दारं, चौकटी आणि मयाली उतरवून पुनर्वसनाच्या जागी नेल्या आणि नव्या घरांत बसवल्या. चांगलं लाकूड घरापेक्षा जास्त जगतं, हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं.

भिंत आणि तिची माती

भिंतीला तडा दिसला की लगेच बुजवू नये. तड्यावर कागदाची पट्टी डकवून दोन्ही टोकांना तारीख लिहावी. पावसाळा उलटल्यावरही पट्टी शाबूत असेल तर तडा जुना आणि थांबलेला आहे, तो घरी भरता येतो. पट्टी फाटली तर भिंत अजून हलते आहे आणि गवंड्याला किंवा अभियंत्याला दाखवायला हवी. दाराच्या कोपऱ्यातून तिरपा जाणारा तडा बहुतेक वेळा वरचं लाकूड कुजल्याचं सांगतो.

माती निवडणं हा या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग. धान पिकवणारा शेतकरी मातीचे प्रकार नावानिशी ओळखतो. कन्हार काळी, जड आणि चिकट, मोरांड तिच्याहून हलकी, सिहार पिवळसर आणि रेतीमिश्रित, बर्डी मुरमाड. भिंतीला लिंपण करताना नुसती कन्हार वापरली तर ती सुकताना आकसते आणि जाळीसारख्या भेगा पडतात. नुसती सिहार वापरली तर हात फिरवताच भुगा होतो. दोन्हींचं मिश्रण लागतं, आणि प्रमाण प्रत्येक खाणीचं वेगळं. ते काढायची रीत सोपी आहे. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी घालून जोरानं हलवावी आणि ठेवून द्यावी. रेती मिनिटभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत. थरांची जाडी पाहून रेती वाढवायची की चिकणमाती ते ठरवावं. मग वेगवेगळ्या प्रमाणांची हातभर रुंद ठिगळं भिंतीवर लावून चार दिवस वाळू द्यावीत. ज्याला भेग नाही आणि ज्याचा भुगाही होत नाही, ते प्रमाण आपलं.

चिखलात धानाचं तणस बारीक कापून घालावं आणि तो आठ-दहा दिवस भिजत ठेवून रोज पायानं तुडवावा. तणस कुजायला लागलं की वास येतो. तेव्हाच चिखल चिकट होतो आणि भेगा धरून ठेवतो. शेवटच्या पातळ हातात शेण मिसळतात, कारण त्यातले बारीक तंतू पृष्ठभाग बांधून ठेवतात. लिंपण, सारवण आणि पोतारा ही या भागात बायकांची कामं राहिली आहेत, आणि घर टिकवण्याचं निम्मं ज्ञान त्यांच्याच हातात आहे. शहरातून आलेल्या कुटुंबानं शेजारच्या मावशींना आधी विचारावं. माती कुठून आणायची, चिखल कधी झाला, हात किती ओला ठेवायचा, हे त्या एका सकाळीत दाखवून देतील. घरच्या पुरुषांनीही त्यांच्याकडूनच ते शिकून घ्यावं.

सिमेंटविषयी स्पष्ट बोलायला हवं. मातीच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर चढवणं हे या घरांचं सर्वांत मोठं नुकसान आहे. माती ओलीनं फुगते आणि सुकून आकसते. सिमेंट ताठ राहतं, म्हणून दोघांमध्ये फट पडते. जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही, ती प्लास्टरमागे साठते आणि भिंत आतून मऊ होते. बाहेरून घर पक्कं दिसतं आणि एका पावसाळ्यात कोपरा बसतो. आत सिमेंटची जमीन केली की तिच्याखालची ओलही भिंतीकडेच सरकते. असं प्लास्टर आधीच असेल तर कोरड्या दिवसांत, खालून सुरुवात करून, पोकळ वाजणारे भाग उतरवावेत आणि तिथे मातीचं लिंपण करावं.

पांढऱ्या रंगासाठी चुना उत्तम. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांना भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. कळीच्या चुन्यात पाणी घातलं की तो उकळतो. आणि भिंतीवर लावल्यावर हवेतला तोच वायू परत घेत त्याचा पुन्हा दगड होतो. तो ओल अडवत नाही आणि भिंतीला श्वास घेऊ देतो. चुना फोडताना डोळ्यांना चष्मा लावावा आणि मुलांना दूर ठेवावं. डोळ्यात गेलेला चुना दृष्टी घालवू शकतो.

अशी निगा किती काळ पुरते याचं उदाहरण वर्ध्याजवळ उभं आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावात राहायला आले. आज जी बापूकुटी म्हणून ओळखली जाते ती मुळात मीराबेनची झोपडी होती. गांधीजींसाठी तिच्यात फेरफार करून ती वाढवली गेली, आणि भिंतीवरची मातीतली खजुराची झाडं आणि चरखा ही मीराबेनच्या हातची आहेत. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांचं ते घर आजही उभं आहे, कारण दरवर्षी त्याचं लिंपण होतं, कवेलू फेरली जातात आणि पावसाळ्याआधी भिंतींना शिंदीच्या पानांच्या झांज्या लावल्या जातात. करडीतल्या घराच्या पावसाकडच्या भिंतीलाही अशाच झांज्या किंवा तणसाच्या ताट्या लावता येतात, आणि खर्च जवळजवळ काही नाही.

जे स्वतः करू नये

वीज. बंद घरातली जुनी वायर उंदरांनी कुरतडलेली असते, भिंती ओलसर असतात आणि टिनाच्या पत्र्यात प्रवाह उतरला तर सगळं छप्परच जिवंत होतं. परवानाधारक वायरमनकडून नवी वायरिंग, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवून घ्यावा. रंगाचे पैसे इथे खर्च करावेत.

कागदपत्रंही आधी पाहावीत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घर कोणाच्या नावानं आहे ते तपासावं. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जातात, तुमच्या गावात ते झालं असेल तर तीही मिळवावी. घरकुलाचा विचार असेल तर प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सपाट भागात १ लाख २० हजार रुपये देते आणि स्वतःच्या घरावर केलेल्या कामाची ९० दिवसांची मजुरी रोजगार हमीतून मिळते. ही दुसरी तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण घरच्यांचे श्रम ती खरोखर श्रम म्हणून मोजते. पण नव्या स्लॅबच्या खोलीसाठी जागा असेल तर जुनं घर पाडू नये. दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत यायला दहा-एक तास लागतात. तोवर बाहेर रात्र झालेली असते. उन्हाळ्यात त्या मातीच्या खोलीची गरज पडते.

रोहिणी नक्षत्र लागायच्या आत छप्पर, नाली आणि वीज एवढंच झालं तरी पहिलं वर्ष पार पडलं. जून ते सप्टेंबर घरात राहून पाहावं आणि कुठे ओल येते, कोणत्या दारातून झड येते, पाणी कुठे तुंबतं हे खडूनं भिंतीवरच लिहून ठेवावं. जुलैत रोवणी सुरू झाली की गावात मजूर मिळत नाही, म्हणून तेव्हा काही काढू नये. दिवाळीच्या सुमाराला धान कापून निघतं, ताजं तणस मिळतं, भिंती सुकलेल्या असतात. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते, दंडार होते, पाहुणे येतात. त्याआधी सपरीचा पोतारा आटोपावा आणि भिंतींचं मोठं लिंपण नंतरच्या कोरड्या थंडीत सावकाश घ्यावं. फुटलेल्या कवेलूंची मोजणी करून कुंभाराला त्याच वेळी सांगावं, कारण माती मळणं, वाळवणं आणि भट्टी लावणं हे सगळं पावसाळ्याआधीच होतं. देशी कवेलू करणारे कुंभार कमी होत चालले आहेत. मागणी नाही म्हणून भट्ट्या विझतात आणि भट्टी विझली की उरलेल्या घरांनाही टिनाशिवाय इलाज राहत नाही. शेजारच्या चार घरांची गरज एकत्र करून मागणी दिली तर त्याची एक भट्टी भरते.